एका अंड्याची राखण

(शिक्षक मेळाव्यातील भाषणाचा पाठ)



निसर्गरक्षणाचा विषय निघाला, की आपल्या मनापुढे मोठी अभयारण्ये, शासकीय योजना आणि परदेशांत शिकून आलेले शास्त्रज्ञ उभे राहतात. खेड्यातील शिक्षकाला त्या चित्रात स्वतःसाठी जागा दिसत नाही. वृक्षारोपणाच्या दिवशी एक रोप लावले, मुलांकडून चार घोषणा म्हणवून घेतल्या, की आपल्या वाट्याचे कर्तव्य संपले, अशी समजूत त्यातून होऊन बसते. ह्या समजुतीला छेद देणारे एक चरित्र न्यूझीलंड देशात घडून गेले आहे. ते चरित्र शाळांतून निसर्गाभ्यास व शेती शिकविणाऱ्या एका फिरत्या शिक्षकाचे आहे. त्यांचे नाव लान्स रिचडेल.

रिचडेल यांचा जन्म १९०० साली न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर व्हांगानुई येथे झाला. ऑस्ट्रेलियातील हॉक्सबरी येथील कृषिमहाविद्यालयात त्यांनी शेतीचे शिक्षण घेतले आणि मायदेशी परतून ते अध्यापनाच्या व्यवसायात शिरले. १९२८ साली दक्षिण बेटावरील ओटागो प्रांताच्या शिक्षण मंडळाने त्यांची शेती व निसर्गाभ्यास ह्या विषयांचे फिरते शिक्षक म्हणून नेमणूक केली. डनीडन शहरी राहावयाचे आणि प्रांतातील शाळाशाळांतून जाऊन मुलांना माती, पीक, कीटक, पक्षी ह्यांची ओळख करून द्यावयाची, शाळांच्या बागांकडे पाहावयाचे, असे ह्या नोकरीचे स्वरूप होते. आपल्याकडील केंद्रप्रमुखाची भ्रमंती आणि वर्गशिक्षकाचे अध्यापन ही दोन्ही कामे एका व्यक्तीकडे आली तर जे होईल, तसेच ते काम होते. निवृत्तीपर्यंत त्यांनी हीच नोकरी केली. विद्यापीठात त्यांना अध्यासन नव्हते, हाताखाली सहायक नव्हते व प्रयोगशाळाही नव्हती. तथापि समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासात आज जगभर त्यांचे नाव आदराने घेतले जाते, आणि एका भव्य पक्ष्याची वसाहत त्यांच्या राखणीमुळे मूळ धरू शकली.

ही राखण कशाची होती, हे समजण्यासाठी प्रथम जागेची आणि पक्ष्याची ओळख करून घेतली पाहिजे.

डनीडन शहराच्या पूर्वेस ओटागो नावाचे एक द्वीपकल्प समुद्रात शिरले आहे. शहरापासून सुमारे ३० किलोमीटरांवर ते एका उंच, वाऱ्याने झोडपलेल्या टेकडीपाशी संपते. ह्या टोकाला तायारोआ हेड म्हणतात. तेथे पूर्वी माओरी लोकांची तटबंदीची वस्ती होती. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तेथे दीपगृह बांधले व तोफाही बसविल्या. मूळची झाडी गेली आणि टेकडीचा माथा गवताळ व उघडा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या उघड्या माथ्यावर एक नवा पाहुणा उतरू लागला. तो म्हणजे रॉयल अल्बट्रॉस होय. माओरी भाषेत त्याला टोरोआ म्हणतात.

हा पक्षी आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिलेला नाही; म्हणून त्याचे माप सांगणे इष्ट होईल. त्याचे पंख पसरले असता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे ३ मीटर भरते. वर्गातील दोन मुलांनी हात पसरून एकमेकांची बोटे टेकविली, तरी ती लांबी पुरी होत नाही. त्याचे बहुतेक आयुष्य समुद्रावर जाते. वाऱ्याच्या आधाराने, पंख क्वचितच हलवीत, तो हजारो किलोमीटर जातो आणि केवळ संसारासाठी जमिनीवर येतो. ह्या जातीची बहुसंख्य वस्ती न्यूझीलंडच्या पूर्वेकडील दुर्गम चॅटम बेटसमूहात आहे. मनुष्यवस्तीच्या इतक्या जवळ, मुख्य भूमीवर त्याने घरटे करावे, ही अपूर्व गोष्ट होती.

परंतु अपूर्व पाहुण्याचे आपण स्वागत कसे केले? १९२० च्या सुमारास तेथे पहिले अंडे आढळले आणि ते माणसाच्या पोटात गेले. पुढील वर्षांत कधी कोणी कुतूहलाने अंडे उचलले, कधी कुत्र्याने किंवा दुसऱ्या एखाद्या प्राण्याने घात केला. एका देशात ससे आणून सोडले. त्यांनी कुरणे फस्त केली म्हणून त्यांच्या नाशासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंगसाच्या आकाराचे युरोपातील मांसाहारी प्राणी आणून सोडले. त्या प्राण्यांनी सशांबरोबर जमिनीवर अंडी घालणाऱ्या निरपराध पक्ष्यांचाही फडशा पाडला. एका चुकीवर दुसऱ्या चुकीचा उतारा शोधल्याचा हा परिणाम होता. ह्या सर्वांमुळे १९३० नंतरची काही वर्षे उलटली, तरी त्या टेकडीवरून एकही पिल्लू आकाशात गेले नव्हते.

येथे थोडे गणित केले पाहिजे. अल्बट्रॉसची मादी एका हंगामात एकच अंडे घालते. नर व मादी आळीपाळीने ते सुमारे ८० दिवस उबवितात. पिल्लू बाहेर आल्यावर त्याला उडता येण्यास जवळजवळ ८ महिने लागतात. म्हणजे एका पिल्लाच्या संगोपनात वर्षाचा बहुतेक काळ संपतो. म्हणून यशस्वी जोडपे एक वर्षाआड अंडे घालते. अंडे नष्ट झाले, तर त्या हंगामात दुसरे घातले जात नाही. शिवाय उडून गेलेले पिल्लू कित्येक वर्षे समुद्रावरच राहते आणि साधारणतः आठ-नऊ वर्षांचे झाल्याखेरीज स्वतःचा संसार मांडीत नाही. कोंबडीचे एक अंडे फुटले तर उद्या दुसरे मिळते. परंतु येथे फुटलेल्या एका अंड्याची भरपाई होण्यास दशकही अपुरे पडावे. टेकडीवर त्या काळी मोजकीच जोडपी येत. त्यांचे पदरी सतत अपयश येत राहिले असते, तर ती वसाहत रुजण्यापूर्वीच मोडली असती.

१९३६ च्या सुमारास रिचडेल यांचे लक्ष ह्या टेकडीकडे गेले. त्यांनी प्रथम केलेली गोष्ट अगदी साधी होती. ते तेथे वारंवार जाऊ लागले. आठवडाभर शाळा आणि शनिवार-रविवारी टेकडी, असा क्रम त्यांनी धरला. दक्षिण गोलार्धातील शाळांची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत असते आणि अल्बट्रॉसची अंडी उबविण्याचा काळही तोच असतो. हा योग त्यांनी पुरेपूर साधला. संरक्षणाची निकड त्यांनी संबंधितांना पटवून दिली. घरट्यांच्या जागेला कुंपणाचा आधार मिळाला. परंतु कुंपणाला डोळे नसतात. म्हणून १९३८ साली एक पिल्लू वाढत असता त्याच्या राखणीसाठी त्यांनी टेकडीवर तंबू ठोकून मुक्कामही केला. तो काळ तिकडील हिवाळ्याचा होता, हे येथे ध्यानात घ्यावे. दक्षिणेकडून येणारा बर्फगार वारा, पाऊस आणि निर्जन कडा अशा ठिकाणी एक शिक्षक एका पिल्लासाठी पहारा देत होता. सप्टेंबर १९३८ मध्ये ते पिल्लू पंख पसरून समुद्राकडे निघून गेले. ह्या टेकडीवरून यशस्वी रीतीने उडालेले ते पहिले पिल्लू होय.

केवळ पहारा देऊन रिचडेल थांबले असते, तर त्यांना उत्तम रखवालदार म्हणता आले असते. शिक्षक म्हणून त्यांचा विशेष पुढेच आहे. त्यांनी पक्ष्यांच्या पायांत खुणेची कडी घातली आणि प्रत्येक पक्ष्याची स्वतंत्र नोंद ठेवण्यास आरंभ केला. कोणता नर, कोणती मादी, कोणत्या दिवशी आली, अंडे कधी घातले, उबवण्याची पाळी कोणी किती दिवस केली, पिल्लाला घास कधी मिळाला, हे सर्व तारखेनिशी लिहिले जाऊ लागले. दुरून पाहणाऱ्याला सर्व अल्बट्रॉस सारखेच दिसतात. नव्या शिक्षकालाही पहिल्या दिवशी वर्गातील साठ मुले सारखीच भासतात. हजेरीपुस्तक हाती आले, नावे कळली, की प्रत्येक मूल वेगळे होते. कोण गैरहजर आहे, कोण मागे पडले आहे, हे त्यानंतरच कळू लागते. रिचडेल यांनी पक्ष्यांचे हजेरीपुस्तक तयार केले असे म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या हजेरीपुस्तकाचे मोल किती, हे एका मादीच्या उदाहरणावरून दिसून येते. १९३७ साली रिचडेल यांनी जिच्या पायात कडे घातले, ती मादी त्या वेळी संसार करणारी, म्हणजे पूर्ण वाढलेली होती. पुढे लोक तिला कौतुकाने ‘ग्रँडमा’, म्हणजे आजीबाई, म्हणू लागले. ही आजीबाई १९८९ पर्यंत त्या टेकडीवर येत होती. कडे घातल्यानंतर ५२ वर्षे ती दिसत राहिली. पहिल्या नोंदीच्या वेळी तिचे वय आठ-दहा वर्षांचे तरी असले पाहिजे, हे धरता ती साठ वर्षांहून अधिक जगली. रानात राहणारा पक्षी इतका दीर्घायुषी असू शकतो, हे पूर्वी कोणी सांगितले असते तर कोणाचा विश्वास बसला नसता. रिचडेल १९८३ साली निवर्तले. त्यांच्या मागेही त्यांची आजीबाई पिल्ले वाढवीत होती. एका शिक्षकाने आरंभिलेली नोंद त्याच्या स्वतःच्या आयुष्याहून दीर्घ ठरली.

नोंदीचे दुसरे एक फळ आपणा शिक्षकांना अधिक विचार करावयास लावणारे आहे. अल्बट्रॉसविषयी त्या काळच्या ग्रंथांतून एक समजूत रूढ होती. पिल्लू पुष्ट झाले की आईबाप त्याला सोडून जातात. मग ते उपाशी राहून वाळत जाते आणि अंग हलके झाल्यावर उडून जाते, असे सांगितले जाई. ही समजूत उत्पन्न होण्यास कारणही होते. आईबाप दूर समुद्रावर चारा शोधीत असतात; ते काही दिवसांच्या अंतराने येतात, पिल्लाच्या चोचीत घास ओततात आणि थोड्याच वेळात परत जातात. कधी काळी एखाद्या बेटावर उतरणाऱ्या खलाशाला किंवा प्रवाशाला पिल्लू एकटेच बसलेले दिसणार आणि ते अनाथ आहे, असे त्याच्या मनात येणार, हे स्वाभाविक होते. रिचडेल मात्र एकदाच जाऊन परत आले नव्हते. हंगामामागून हंगाम त्यांनी पिल्लांवर लक्ष ठेवले आणि उड्डाणाचा काळ येईपर्यंत आईबाप पिल्लांना भरवीत असतात, असे त्यांना आढळून आले. १९५४ साली ‘द ऑक’ ह्या अमेरिकेतील पक्षिशास्त्रीय नियतकालिकात त्यांनी ह्या उपासमारीच्या सिद्धान्ताचा परामर्श घेणारा लेख प्रसिद्ध केला. छापील ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावरून ती गोष्ट खरी ठरत नाही. आणि ती खोडून काढण्यासाठी मोठ्या यंत्रांचीच गरज असते असेही नाही. तेथे पुनःपुन्हा जाणे, डोळे उघडे ठेवणे आणि पाहिलेले त्याच दिवशी लिहून ठेवणे, एवढी साधने त्यांना पुरली.

अल्बट्रॉस हे त्यांच्या कामाचे एक अंग झाले. त्याच द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन राहतो. माओरी त्याला होइहो म्हणतात. पेंग्विन म्हटले की आपल्याला बर्फ आठवते. परंतु हा पक्षी किनाऱ्यालगतच्या झाडीझुडपात, दुसऱ्या जोडप्याच्या दृष्टीआड, आपले घरटे करतो. शेती व मेंढ्यांच्या कुरणांसाठी ही झाडी तोडली जात होती. १९३६ पासून १९५४ पर्यंत, म्हणजे १८ वर्षे, रिचडेल यांनी ह्या पेंग्विनांची पक्षीवार नोंद ठेवली. कोणते जोडपे टिकले, कोणाचे मोडले, कोणत्या वयात पक्षी संसाराला लागतो, किती पिल्ले मोठी होतात, किती परत येतात, ह्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी शोधली. १९५१ साली अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाने त्यांचा पेंग्विनांच्या मीलन-वर्तनाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९५७ साली ऑक्सफर्ड येथून पेंग्विनांच्या संख्येचा अभ्यास मांडणारा दुसरा ग्रंथ निघाला. रानातील पक्ष्यांच्या एका समूहाचा इतकी वर्षे, इतक्या बारकाईने केलेला अभ्यास त्या काळी जगात विरळाच होता.

ह्याशिवाय सुट्ट्यांत ते दक्षिणेकडील स्ट्यूअर्ट बेटाजवळच्या व्हेरो नावाच्या चिमुकल्या बेटावर जाऊन राहत आणि तेथे बिळांतून घरटी करणाऱ्या समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करीत. ह्या सर्व उद्योगात पत्नी ॲग्नेस यांची त्यांना साथ होती. अभ्यासाचे काही भाग त्यांनी पदरमोड करून छापले आणि सामान्य लोकांसाठी सोप्या पुस्तिकाही लिहिल्या. ज्या द्वीपकल्पात लोक राहतात, तेथील लोकांनाच जर आपल्या भोवतालच्या पक्ष्यांची ओळख नसेल, तर कुंपण किती दिवस पुरे पडणार, हे त्या शिक्षकाच्या मनाला चांगले उमगले होते.

आता ह्या श्रमांचे फळ काय, हे पाहणे प्राप्त आहे. आणि ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तायारोआ हेडवरील अल्बट्रॉसची वसाहत जगली. पुढे तेथे पूर्ण वेळ रक्षक नेमले गेले. १९७२ पासून दूर अंतरावरून, पक्ष्यांना त्रास न देता, लोकांना ती पाहता येऊ लागली. २००७ साली ह्या वसाहतीतील पाचशेवे पिल्लू जन्मास आले. आजचे रक्षक रिचडेल यांच्याच मार्गाने जातात. प्रत्येक पक्षी खुणेने ओळखला जातो. अंडे फुटण्याच्या नाजूक काळात माश्यांचा उपद्रव होऊ नये म्हणून ते उबवणी यंत्रात ठेवून पिल्लू घरट्यात परत दिले जाते. उन्हाचा ताप वाढला तर घरट्यांवर पाण्याचे तुषार सोडले जातात. पिल्लू भुकेले राहिले तर रक्षक त्याला भरवितात.

पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनाची कथा मात्र अशी सुखान्त नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरील त्याची संख्या फार घटली आहे. मासेमारीची जाळी, रोग, तापणाऱ्या समुद्रात अन्नाची टंचाई आणि शिकारी प्राणी अशी अनेक कारणे एकवटली आहेत. अल्बट्रॉसलाही समुद्रावर मासेमारीच्या लांब दोऱ्यांच्या गळांचे भय आहेच. टेकडीवरील पहारा समुद्रात पोहोचत नाही. मग रिचडेल यांचे पेंग्विनांवरील श्रम वाया गेले काय? तसे म्हणता येणार नाही. आज पेंग्विन किती घटले, हे सांगावयाचे तर पूर्वी किती होते आणि ते कसे जगत, हे ठाऊक असावे लागते. ते ठाऊक आहे, कारण एका शिक्षकाने १८ वर्षे वही भरली होती. ज्याची मोजदाद कधी झालीच नाही, ते नाहीसे झाले तरी कोणास पत्ता लागत नाही. तथापि, एका पिढीने राखण केली म्हणजे पुढच्या पिढीची सुटका झाली, असेही होत नाही. राखण ही शेतातल्या राखणीसारखी आहे. ती दरसाल करावी लागते.

शिक्षकमित्रहो, हे सर्व दूरदेशीचे आहे. आपल्या गावी अल्बट्रॉस नाही, पेंग्विनही नाही. परंतु टिटवी आहे. शाळेच्या मैदानाच्या कडेला, माळावर, नांगरलेल्या शेतात, खडीच्या ढिगाशेजारी ती उघड्या जमिनीवर अंडी घालते. मार्च ते ऑगस्ट हा तिचा मुख्य हंगाम. बहुधा चार अंडी, खड्यांच्या रंगाची व ठिपक्यांची असतात. इतकी बेमालूम, की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. नर-मादी दोघेही पाळीपाळीने ती उबवितात. उन्हाचा कहर झाला तर पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंडी थंड ठेवतात. साधारण महिनाभरात पिल्ले बाहेर पडतात आणि लगेच चालू लागतात. ह्या एका महिन्यात गुरांचे खूर, कुत्री, कावळे, ट्रॅक्टरची चाके आणि मुलांचे खेळ ह्यांतून ती चार अंडी सुटली पाहिजेत. तायारोआ हेडवर जो प्रश्न होता, तोच लहान प्रमाणात आपल्या शाळेच्या कुंपणाशी असतो.

अशा वेळी काय करावे? प्रथम हे, की अंड्यांना कोणीही हात लावू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये पक्षी, त्यांची अंडी व घरटी ह्यांना संरक्षण आहे, आणि हे मुलांना समजावून सांगावे. पायात कडी घालणे हे अनुज्ञाप्राप्त तज्ज्ञांचे काम आहे; ते आपण करावयाचे नाही. पंधरा-वीस पावलांच्या अंतरावर चार दगड ठेवून सीमा आखावी. शेतमालकास भेटून तेवढा तुकडा महिनाभर सोडावा, अशी विनंती करावी. अनेक शेतकरी ती आनंदाने मान्य करतील, कारण किडे खाणारी टिटवी त्यांची शत्रू नव्हे. मुलांना जथ्याने घरट्याकडे नेऊ नये. माणसांची वर्दळ पाहून कावळ्यास व कुत्र्यास वाट सापडते. दोन मुलांची जोडी, दिवसातून एकदा, थोडा वेळ, दुरून पाहील, अशी पाळी लावावी. घरट्याचे छायाचित्र व ठिकाण भ्रमणध्वनीवरून गावभर पाठवू नये. जखमी पक्षी आढळल्यास वनरक्षकास कळवावे.

आणि वही ठेवावी. अंडी प्रथम केव्हा दिसली, किती होती, जागा सखल की उंच, पिल्ले केव्हा निघाली, किती निघाली, अंडी गेली असल्यास कशाने गेली, एवढे रकाने पुरेत. ह्या वहीत एका जुन्या समजुतीची परीक्षाही होऊ शकेल. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस पुष्कळ होतो आणि सखल जागी घातली की पाऊस ओढ देतो, असे आपल्याकडील वडीलधारे सांगतात. मुलांनी त्यांची थट्टा करू नये आणि डोळे मिटून मानही डोलवू नये. अंड्यांची जागा एका रकान्यात आणि महसूल मंडळातील पर्जन्यमापकाचा आकडा दुसऱ्या रकान्यात, असे पाच-दहा वर्षे लिहीत गेल्यास वही स्वतःच उत्तर देईल. उपासमारीच्या सिद्धान्ताची परीक्षा रिचडेल यांनी अशीच केली होती. परिसर अभ्यासाच्या तासाला, ‘निरीक्षण’ ह्या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून देण्यापेक्षा तो अशा वहीतून अधिक चांगला उमगेल.

ह्या कामास एक अडचण आहे, ती म्हणजे शिक्षकाची बदली. आपण आज ह्या गावी आहोत, उद्या दुसऱ्या गावी असू. मग वहीचे काय? म्हणून ही वही शिक्षकाची खाजगी असू नये. ती शाळेच्या दप्तरातील इतर नोंदवह्यांप्रमाणे शाळेची असावी. तिच्यावर शाळेचे नाव असावे, आणि कार्यभार सोपविताना इतर नोंदवह्यांबरोबर तीही नव्या शिक्षकाच्या स्वाधीन व्हावी. गावातील एखादा माजी विद्यार्थी तिच्याशी जोडला गेला, तर अधिकच उत्तम. आजीबाई अल्बट्रॉसची नोंद ५२ वर्षे चालू राहिली, ती एकाच हाताने लिहिली गेली म्हणून नव्हे. एका हाताने दुसऱ्या हाती सोपविली म्हणून.

आपल्या शाळांतील कामाचा भार कमी नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. माहितीपत्रके, सर्वेक्षणे, परीक्षा, पोषण आहाराचे हिशेब ह्यांत दिवस जातो. त्यात आणखी एक वही, असे वाटणे साहजिक आहे. परंतु रिचडेल यांचेही बहुतेक काम नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी व सुट्ट्यांतच झाले. टिटवीच्या वहीस रोज पाच मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही, आणि ती लिहावयाची आहे मुलांनी. ज्या मुलाने एक महिना दुरून चार अंड्यांची राखण केली, ते मूल पुढे आयुष्यात घरट्यावर दगड उचलील, हे संभवत नाही.

येत्या हंगामात प्रत्येक शाळेने एकच घरटे निवडावे. ते राखावे, त्याची नोंद ठेवावी, आणि पुढील मेळाव्यास येताना ती वही बरोबर आणावी. अंडी वाचली असतील तर तसे लिहावे; गेली असतील तर ती कशी गेली, हेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावे. दोन्ही नोंदी उपयोगी पडतील.